पत्ता लिहून घेताना

सकाळी साडेसहा

खाण्याच्या धंद्यांच्या नोंदणी-परवान्याचे अर्ज मी भरून देते. मिसळीच्या दुकानाचे कागद बघायचे तर गिऱ्हाईक यायच्या आत पोचावं लागतं. आठनंतर मालकाला मान वर करायला सवड नसते. म्हणून ऑक्टोबर 2024 मधल्या, नवरात्रातल्या या सोमवारी मी उजाडताच नाशिकच्या पंचवटीत आले आहे. कट उकळतोय, फरसाणाचे डबे भरून ठेवलेत आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे. ते भिंतीवर आहे हे बघून बरं वाटतं. कितीतरी जण ते कपाटात ठेवतात. नंबर मात्र 2 ने सुरू होतो, आणि मी आले आहे ती त्याचसाठी.

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. त्याचे नियम 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले आणि 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा मागे पडला. तेव्हापासून खाण्याचा धंदा नोंदणी किंवा परवाना असल्याशिवाय करता येत नाही. 2024 च्या घडीला वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर नोंदणी, वर्षाला 100 रुपये. तिथून 20 कोटींपर्यंत राज्याचा परवाना, त्यापुढे केंद्राचा. मिळणारा नंबर चौदा आकडी असतो. पहिला आकडा 1 म्हणजे परवाना, 2 म्हणजे नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे 15. त्यापुढचे दोन कोणत्या वर्षी दिला ते सांगतात.

"ताई, आपण एवढे मोठे कुठे?" मालकांचा प्रश्न मनापासूनचा आहे. मी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडते. 12 लाख म्हणजे महिन्याला एक लाख. आठवड्याची सुट्टी सोडून 26 दिवस धरले तर दिवसाला साधारण 3,850 रुपये. इथली मिसळ 80 रुपयांची. 48 प्लेटा गेल्या की रेषा गाठली. रविवारी एवढ्या प्लेटा नऊच्या आतच उठतात, हे ते स्वतःच सांगतात.

12 लाखांची ही रेषा 2011 साली ठरली आणि 2024 मध्येही तिथेच आहे. मिसळीचा, तेलाचा, गॅसचा दर कुठच्या कुठे गेला. मला वाटतं ती रेषा वर जायला हवी, कारण नवरा-बायको आणि दोन पोरं मिळून चालवत असलेलं दुकान आणि तीन मजली हॉटेल यांना एकाच अर्जात बसवण्यात कुणाचंच भलं नाही. पण आज जी रेषा आहे ती आहे. परवान्याची फी या दुकानाला वर्षाला 2,000 रुपये. त्याहून अवघड कागदांचं: जागेचा नकाशा, यंत्रसामग्रीची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल, स्वच्छता कशी पाळणार त्याचा लेखी आराखडा, आणि हाताखालच्या प्रत्येकाचं दर वर्षीचं वैद्यकीय प्रमाणपत्र. शेवटचं ऐकून मालक गप्प होतात. पोरं टिकत नाहीत, त्यांची तपासणी कुठून करायची? मी त्यांना सांगते की पातेल्यात हात घालणाऱ्याला विषमज्वर असला तर तो दुकानात येणाऱ्या सगळ्यांच्या घरी जातो. एवढं सांगितल्यावर ते पुढचं विचारत नाहीत. जवळच्या डॉक्टरांचं नाव लिहून घेतात.

निघता निघता कढई बघते. तळणीच्या तेलात पोलर घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचं, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. मोजायचं यंत्र इथे नाही. तेल काळवंडलं, फेस धरायला लागलं, धूर लवकर सुटायला लागला की काढून टाका, असं सांगते आणि काढलेलं तेल भाजीच्या फोडणीत जात नाही ना, हे दोनदा विचारते.

सव्वाआठ

इंदिरानगरातलं एक घर. काकू गेली काही वर्षं ओळखीच्यांना दिवाळीचा फराळ करून देतात. यंदा एका दुकानदाराने पाकिटं ठेवायची तयारी दाखवली आणि नंबर मागितला. इंटरनेटवर शोधल्यावर सरकारी वाटावी अशी एक खासगी वेबसाइट उघडली, तिने तीन हजार मागितले. काकूंनी भरले नाहीत, मुलीला विचारलं, मुलीने मला फोन केला.

खरं पोर्टल एकच, फॉसकॉस. 2020 पासून सगळं तिथेच होतं. काकूंना लागणारे कागद म्हणजे फोटो, ओळखपत्र, आणि हवं तर घराचं वीजबिल. पाच वर्षांची फी एकदम भरली तरी 500 रुपये. घरच्या ओट्यावर केलं म्हणून कायद्यातून सूट नाही, आणि ती नसावी असंच माझं मत आहे. विकत घेणाऱ्याला ओटा दिसत नसतो.

वेळ जातो तो धंद्याचा प्रकार निवडण्यात. रोज डबे देणारीचा प्रकार वेगळा; चकली पाकिटात घालून दुकानात ठेवणारी ही उत्पादक. उत्पादक म्हटलं की पाकिटावर काय लिहायचं ते आलंच: पदार्थाचं नाव, घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच, केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, हिरवा ठिपका, नाव आणि पत्ता, चौदा आकडी नंबर. चिवड्यात शेंगदाणे, शंकरपाळ्यांत गहू आणि दूध. ज्यांना ते चालत नाहीत त्यांच्यासाठी वेगळं लिहायचं. काकूंना वर "शुद्ध, नैसर्गिक" छापायचं होतं. हे शब्द केव्हा वापरावेत याला 2018 च्या नियमांत अटी आहेत, म्हणून ते आम्ही काढले. त्याऐवजी कोणतं तेल वापरलं ते ठळक लिहायचं ठरलं. खरेदी करणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग आहे.

साडेनऊ

माझं कार्यालय. टेबल, लॅपटॉप, प्रिंटर, आणि भिंतीवर संपत आलेल्या परवान्यांची यादी. मुदत संपायच्या आधीच्या शेवटच्या तीस दिवसांत परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केला तर दिवसाला 100 रुपये विलंब शुल्क पडतं. म्हणून दिवसाचे पहिले फोन मी त्या यादीतल्यांना करते.

त्यानंतर एक तरुण आला. आइस्क्रीम पार्लर. त्याचा अर्ज दुसऱ्या कुणी भरून दिला होता. आता त्याला मेन्यू वाढवायचा आहे, पण पोर्टलवर आत जाता येत नाही. अर्जातला मोबाइल आणि ईमेल त्या भरून देणाऱ्याचा आहे, आणि तो फोन उचलत नाही.

माझ्या व्यवसायातली याहून वाईट सवय मला माहीत नाही. स्वतःचा नंबर घातला की नूतनीकरणाला गिऱ्हाईक परत आपल्याकडेच येतं, म्हणून हे केलं जातं. पण अन्न व औषध प्रशासनाने नोटीस काढली, तपासणीची तारीख दिली, एखादा माल परत बोलवायला सांगितलं, तर ते सगळं त्या तिसऱ्याच माणसाच्या फोनवर जातं आणि ज्याच्या दुकानातून लोक खातात त्याला पत्ता नसतो. जुना अर्ज समोर ठेवून तोच मजकूर नव्या गिऱ्हाइकाला चिकटवणारेही आहेत. मग बेकरीच्या परवान्यावर चहाचं दुकान चालतं. माझ्याकडे अर्ज भरताना दुकानदार समोर बसलेला असतो आणि ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. उशीर होतो, होऊ दे. या मुलाचे तपशील बदलून घ्यायला आता स्वाक्षरीचं पत्र, ओळखपत्र, जागेचे कागद घेऊन प्रशासनाच्या कार्यालयात जावं लागेल. दुपारी मी तिकडे जाणारच आहे.

साडेअकरा

भगर मिल. नाशिक हे भगरीचं गाव आहे. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारावरची वरई आणि बाहेरच्या राज्यांतला माल इथल्या मिलांमध्ये येतो, साफ होतो, खडे निघतात, टरफल उतरतं, पांढरी भगर चाळून प्रतवारीने पोत्यांत आणि पाकिटांत भरली जाते. नवरात्रात मिल रात्रीसुद्धा बंद नसते. धान्याच्या मिलला, ती कितीही मोठी असो, उत्पादनक्षमतेमुळे केंद्राचा परवाना लागत नाही; ती राज्याकडेच राहते. म्हणजे या मिलचं सगळं दप्तर नाशकातल्याच कार्यालयात आहे, आणि त्यात काय लिहिलं आहे याला फार महत्त्व आहे.

कारण भगर आणि उपवास म्हटलं की दर वर्षी धाकधूक असते. महाशिवरात्र असो, नवरात्र असो, मराठवाड्यात नि इतरत्रही भगर खाऊन चक्कर, उलट्या, थरथर होऊन माणसं दवाखान्यात दाखल झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. ओलावा धरलेल्या भगरीवर बुरशी वाढते, ॲस्परजिलस जातीची, आणि तिची विषद्रव्यं शिजवल्यावरही जातीलच असं नाही. भगरीपेक्षा तिचं पीठ जास्त धोक्याचं. पीठ हवेतला ओलावा लवकर ओढून घेतं. अन्न व औषध प्रशासन दर उपवासाच्या आधी तेच सांगतं: सुटी भगर नको, तयार पीठ नको, पाकिटावर परवाना क्रमांक आणि तारीख बघा, घरी दळा आणि लगेच वापरा.

आता पुढचा प्रश्न. माणसं आजारी पडली, अन्न सुरक्षा अधिकारी गावात पोचला. किराणा दुकानदार पोत्याकडे बोट दाखवतो. पोत्यावर काही छापलेलं नाही. त्याने ते तालुक्याच्या बाजारातून आणलं, चिठ्ठीवर, बिल नाही. तिथला व्यापारी तीन-चार ठिकाणांहून माल घेतो. पीठ दळणाऱ्या चक्कीवाल्याने त्याच जात्यावर आणखी कुणाकुणाचं काय दळलं, सांगता येत नाही. उरलेली तीस-चाळीस पोती दुसऱ्या गावांत विकली जात असतात आणि ती थांबवायला कुणाला फोन करायचा हेच कळत नाही. नमुना घेतला, त्याचे कायद्याप्रमाणे चार भाग केले, विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल दिला, तरी अहवाल कुणाच्या नावाने लिहायचा?

नोंदणीकडे मी या बाजूने बघते. मिलपासून ताटापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर एक माणूस, एक पत्ता, चालू असलेला एक फोन. 1 जानेवारी 2022 पासून बिलावरही हा चौदा आकडी नंबर छापणं बंधनकारक झालं, ते मला त्या सगळ्या नियमांतलं सर्वांत मोलाचं कलम वाटतं. पाकीट फाडून टाकलं तरी बिल राहतं.

मिलचे मालक तिसऱ्या पिढीचे आहेत, माल चोख ठेवणारे. आज माझं काम त्यांची माल परत बोलावण्याची योजना लिहून काढण्याचं. 2017 च्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक उत्पादकाकडे हवी. आम्ही प्रत्यक्ष करून बघतो. मी गोदामातल्या एका पाकिटावरचा बॅच नंबर सांगते आणि त्या बॅचचा माल कुठे कुठे गेला ते शोधायला सांगते. मुनीमजी वही, मग संगणक, मग पुन्हा वही करतात. पाकिटांचा हिशेब लागतो. पोत्यांचा लागत नाही. पोत्यांना बॅच लिहिलेलाच नाही. मालक म्हणतात, पोत्यांवर कोण बघतं? मी म्हणते, सुटी विकली जाते ती पोत्यातलीच. संध्याकाळपासून प्रत्येक पोत्याच्या शिवणीत छापील चिठ्ठी जाईल, असं ठरतं. गोदामात पोती भिंतीला टेकलेली होती, तीही वीतभर पुढे ओढून फळ्यांवर घ्यायला लावली. भिंतीची ओल पोत्यात उतरते.

दीड

डबा. मलाही नवरात्राचा उपवास आहे. भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर. भगर पाकिटातली.

अडीच

दिंडोरी तालुक्यातलं गाव. बचत गटाच्या बायका नागलीचे पापड आणि बिस्किटं करतात. शाळेजवळच्या एका खोलीत सगळं मांडलेलं आहे, स्वच्छ, फरशी धुतलेली, केसांवर फडकी. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून गटाच्या सभासदाला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं, आणि यंत्रासाठी कर्ज काढलं तर खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान. पापड लाटायचं यंत्र घ्यायचं मनात आहे.

जागेचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा तयार आहे. अडलं ते नावावर. अर्जात जबाबदार व्यक्ती म्हणून कोण? गावातल्या एका भाऊंनी सुचवलं, माझ्या मुलाचं घाला, त्याला ईमेल येतं, इंग्रजी येतं. बायका गप्प. मी अध्यक्षबाईंना विचारलं, पापडाचं पीठ कुणी बघितलं, उन्हात किती वेळ ठेवायचं कोण ठरवतं? त्या म्हणाल्या, "मीच की." मग नाव तुमचंच येणार, मी म्हणाले. ज्याला उत्तर देता येईल त्याचं नाव लिहायचं. भाऊ रागावले नाहीत. मुलाने तिथेच बाईंच्या फोनवर ईमेल उघडून दिलं आणि पासवर्ड त्यांच्या वहीत लिहून दिला, हे त्याने फार चांगलं केलं.

पाणी विहिरीचं. एवढ्या छोट्या नोंदणीला पाण्याच्या अहवालाची सक्ती नाही, तरी मी बाटली भरून घेतली. सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत देते. नागलीचं पीठ त्याच पाण्यात भिजतं.

साडेचार

अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय. आइस्क्रीमवाल्याचे कागद दिले. एका बेकरीच्या परवान्याच्या अर्जावर शेरा आला होता, नकाशात कच्चा माल आणि तयार माल एकाच दाराने जातो असं दिसतं. शेरा बरोबर होता. अर्ज परत आल्यावर तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर तो बाद होतो, म्हणून तिथेच बसून बेकरीवाल्यांशी बोलले. मागचं बंद दार उघडायची त्यांची तयारी आहे.

अधिकारी भेटले ते दोन मिनिटं. दिवाळी तोंडावर आली की खवा, तूप, तेल, मिठाई यांचे नमुने घ्यायची मोहीम, शिवाय जुने खटले, शिवाय तक्रारी. माणसं कमी, तालुके मोठे. इथे काम अडतं तेव्हा लोक चिडतात आणि मी ते समजू शकते. पण टेबलावर येणारे निम्मे अर्ज चुकीच्या प्रकाराचे, अर्धवट पत्त्याचे असतात हेही मी बघते. पत्ता नीट असता तर तपासणीला निघालेला माणूस अर्धा दिवस गल्लीबोळ शोधत फिरला नसता.

सहा

जुन्या आग्रा रोडवर कालिका मातेची यात्रा. पाळणे, खेळणी, आणि खाण्याच्या गाड्यांची रांग. नोंदणी करून घ्या असं सांगत मी दोन-तीन मुलांना बरोबर घेऊन फिरते. फेरीवाला, तात्पुरता स्टॉल, डोक्यावर टोपली घेऊन हिंडणारा, सगळे नोंदणीत येतात.

गुडीशेव विकणाऱ्या आजोबांना भीती वाटते की नाव लिहिलं की दंड येईल. भेळवाला विचारतो, गाडी आज इथे, पुढच्या महिन्यात दुसऱ्या जत्रेत, पत्ता कुठला देऊ? राहता दे, मी सांगते. दंडाची भीती अशी एका संध्याकाळी जात नाही. या माणसांकडे आजवर कागद घेऊन जो कुणी आला तो उठवायलाच आला. म्हणून मी आधी पाण्याबद्दल बोलते: पिंप कुठून भरलं, झाकण आहे का, पुरीचं पाणी काढायला ओगराळं आहे की हातच जातो. पाणीपुरीवाल्या ताईंनी स्वतःहून आधार कार्ड काढून दिलं. त्यांना प्रमाणपत्र गाडीला लावायचं आहे, शेजारच्या गाडीवर ते नाही म्हणून. यात्रा आहे तोवर गिऱ्हाईक तेवढ्याने त्यांच्याकडे वळलं तर मला हवंच आहे.

साडेआठ

घरी येते तोच एका मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोन. परवा उपवासाचा महाप्रसाद, हजारावर माणसं, भगर आणि आमटी. आम्ही विकत नाही, फुकट वाटतो, मग नोंदणी कशाला? धार्मिक आणि सामाजिक कार्यक्रमांत अन्न वाटणाराही कायद्याने या नोंदणीत येतो, हे त्याला नवीन होतं. त्याने कुरकुर केली नाही. स्वयंपाकी कोण, पाणी कुठलं, किती वाजता शिजणार आणि किती वाजता पंगत बसणार, एकेक विचारून घेतलं. दुपारी शिजवून रात्री वाढायचा बेत होता. तो बदलून दोन घाण्यांत करायचं कबूल केलं.

"भगर आणली का?"

आणली. दोन पोती, सुटी, स्वस्तात मिळाली. पोत्यावर काही छापलंय का बघ म्हटलं. नाही. बिल वाच म्हटलं. त्याने तारीख वाचली, रक्कम वाचली, दुकानाचं नाव वाचलं. नंबर नव्हता.

"परत करा," मी म्हणाले. "उद्या पाकिटातली घ्या, नंबर फोनवर मला वाचून दाखवा, पोर्टलवर चालू आहे की नाही ते मी तिथल्या तिथे सांगते. शिजवल्यावर एक पाकीट आणि बिल दुसऱ्या दिवसापर्यंत टाकू नका." तो म्हणाला, दुकानदार ओळखीचा आहे, वाईट वाटेल त्याला. मग मी दुकानदाराचा नंबर मागून घेतला. सकाळी सातला त्याला फोन करणार आहे. त्याने पोती कुठून आणली ते विचारायचं आहे, आणि त्याची स्वतःची नोंदणी नसेल तर नऊ वाजता आधार कार्ड आणि वीजबिल घेऊन ये म्हणून सांगायचं आहे.